उसवलेलं नाव

मी सातवी शिकलो. पास झालो की नापास, ते आजही माहीत नाही. निकालाच्या दिवशी मी मामाबरोबर पुण्याच्या गाडीत होतो. गाव ब्रह्मपुरीच्या पलीकडे, धानाच्या मुलखात. निघताना आई एवढंच म्हणाली, "भेऊ नोको बाबू. मोठं शहर हाय, कोनी ना कोनी बरं भेटतेच." भ्यायचं काही माझं थांबलं नाही. अजूनही दुकान बंद केल्यावर कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतो आणि मशीनचं बटण बंद आहे ना ते बघतो. पण आईचं दुसरं वाक्य खरं निघालं. मला बरी माणसं भेटत गेली, आणि माझं जे काही झालं ते त्यांच्यामुळे झालं.

म्हणूनच हे लिहायला बसलो तेव्हा ठरवलं, की चांगलं चांगलं तेवढंच सांगायचं नाही. ज्या माणसांनी मला उभं केलं त्यांच्यातल्याच एका घराचं माझ्या हातून नुकसान झालं. तेही वाईट हेतूनं नव्हे, मान द्यायला गेलो म्हणून. धंद्याला एक अर्थपूर्ण नाव ठेवायचं होतं, इतकीच गोष्ट. ते नाव ठेवलं, आणि नंतर घरोघर फिरून हातानं उसवलं.

आधी धंदा सांगतो, नाहीतर कळायचं नाही.

कोथरूडला अण्णा म्हणून एकांचा पत्र्याचा गाळा होता, गाड्यांच्या सीटकव्हरचा. मी तिथे झाडू मारायला लागलो आणि पाच-सहा वर्षांनी मशीनवर बसलो. सुरुवातीला एखादी गाडी आली तर दिवस बरा गेला म्हणायचे. मग हिंजवडीला कंपन्या आल्या, काल स्कूटरवर फिरणारी मुलं आज गाडी घ्यायला लागली, आणि नव्या गाडीला हार घालून झाला की ती थेट आमच्या दारात यायची. सीटवर प्लास्टिक तसंच असायचं. आम्ही म्हणायचो, साहेब, प्लास्टिक काढू का? साहेब म्हणायचे, राहू द्या, वरून कव्हर घाला. असे लोक अण्णांना फार आवडायचे नाहीत. "यांचं लग्न झालं तरी पत्रिका जपून ठेवतील," असं म्हणायचे.

त्या गाळ्यात एक दिवस मेधाताई आल्या. गाडी नव्हती, रिक्षातून उतरल्या, आणि मागून रिक्षावाल्यानं एक लांबलचक लोड उतरवला, फाटलेला. तो झोका होता. मेधाताई ऑक्युपेशनल थेरपिस्ट. कोथरूडातच एका बंगल्याच्या तळमजल्यावर त्यांचं केंद्र, तिथे लहान मुलं यायची. लोड छताला टांगायचा, मूल त्यावर घोड्यासारखं बसवायचं आणि झुलवायचं. परदेशातून आणलेला तो लोड पोटातून फाटला होता आणि तीन शिंप्यांनी त्याला हात लावायला नकार दिला होता.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी तो शिवला. नुसता शिवला नाही, फाटला होता तिथे आतून सीटबेल्टचा पट्टा घातला, कारण मला रात्रंदिवस दिसायला लागलं की मूल वर आहे आणि टाका सुटतोय. मेधाताईंनी स्वतः त्याच्यावर लटकून बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही घाबरट आहात का हो?" मी म्हटलं, हो. म्हणाल्या, "उत्तम. मला असाच माणूस हवा होता."

तिथून माझं काम बदलत गेलं. झोके, उड्या मारायच्या जाड गाद्या, वजनाची जाकिटं आणि सगळ्यात जास्त, मांडीवर ठेवायच्या वजनदार उशा.

वजनाची उशी कशाला, हे मलाही कळत नव्हतं. मेधाताईंनी समजावलं ते असं. आपण डोळे मिटूनही घास तोंडातच घालतो, कानात नाही. हात कुठे आहे, पाय कुठे आहे, हे अंग आपल्याला आतून सांगत असतं. काही मुलांना ते सांगणं नीट ऐकू येत नाही. मग ती सारखी उठतात, आपटतात, टेबलाखाली घुसतात. मांडीवर वजन आलं की अंगाला वाटतं, हां, मी इथे आहे. सगळ्यांना उपयोग होतो असं नाही, आणि ज्यांना होतो त्यांनाही ठरावीक वेळ. "वजन किती, ते मी ठरवणार. तुम्ही टाके ठरवा," हे त्यांचं पहिल्या दिवसापासूनचं बोलणं.

माझी आई, मी तापानं तळमळत असलो की वाकळ अंगावर टाकायची आणि वाकळेच्या काठावर स्वतः बसायची, हात पाठीवर ठेवून. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. मी मेधाताईंना सांगितलं तर त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. सातवी शिकलेल्या माणसाचं वाक्य कोणी वहीत लिहून घेईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

चुका पुष्कळ केल्या. पहिल्या उशांमध्ये मी तांदूळ भरला. धानाच्या मुलखातला माणूस, वजन म्हटलं की तांदूळच आठवणार. पावसाळा आला. माझ्या गिऱ्हाइकांत एक आजोबा होते, निवृत्त मुख्याध्यापक, सदाशिव पेठेतून मुलाकडे कोथरूडला राहायला आलेले आणि त्याबद्दल कोथरूडला कधीच माफ न केलेले. नातवासाठी उशी नेली होती. ती दोन बोटांत धरून ते गाळ्यात आले.

"शालिकराव, नातू आता बऱ्यापैकी शांत आहे. उशीच चालायला लागलीय."

उघडून बघितलं तर तांदळाला कीड लागलेली, आत सोंडेच सोंडे. मी घाबरून सगळ्या उशा परत आणल्या. मग धुतलेली वाळू भरून बघितली, ती टाक्यांतून गळायची. शेवटी भोसरीच्या एका कारखान्यातून प्लास्टिकचे गुळगुळीत दाणे मिळाले, ते आजपर्यंत चाललेत. आजोबांनी नवी उशी नेली आणि महिन्याभरानं आणखी एक मागितली. कुणासाठी विचारलं तर म्हणाले, "पेपर वाचताना मला लागते. लिहून ठेवू नका."

दुसरी भीती सुईची. मशीनची सुई तुटली तर तिचे सगळे तुकडे मिळेपर्यंत माल बाहेर जात नाही. लोहचुंबक फिरवायचा, तुकडे कागदावर जोडून पूर्ण सुई झाली की मगच पुढे. एकदा उशी गेल्यावर लक्षात आलं, की कागदावरच्या सुईला टोकच नाही. मी सायकलवर त्या घरी गेलो, उशी मागून आणली, पूर्ण उसवली, दाणे परातीत घेऊन चुंबक फिरवला. काही नाही. संध्याकाळी चप्पल काढताना ते टोक चपलेच्या तळव्यात मिळालं. बायको म्हणाली, बरं झालं, चप्पल तरी तुमचीच होती.

आता ती मुलगी. तिचं नाव मी लिहिणार नाही. का, ते पुढे कळेलच.

ती पाच वर्षांची होती. झोक्याचं माप घ्यायला मी केंद्रात गेलो होतो, बरोबर एक अर्धवट शिवलेली उशी होती, मेधाताईंना दाखवायला आणलेली पहिलीच. मुलगी टेबलाखाली बसून डोकं मागे टेबलाच्या पायावर आपटत होती, टकटक, घड्याळासारखं. आई बाहेर बाकावर लॅपटॉप उघडून बसलेली, पण बघत होती भिंतीकडे. मी उशी जमिनीवर ठेवली आणि स्टुलावर चढलो. खाली उतरलो तर टकटक बंद. मुलगी टेबलाखालून अर्धी बाहेर आली होती, उशी तिनं मांडीवर ओढून घेतली होती आणि तिच्यावर गाल टेकला होता. मेधाताईंनी मला हातानं खूण केली, हलू नका. मी माप घेण्याची टेप हातात धरून तसाच उभा. बाहेरून आईनं दारातून डोकावलं. लॅपटॉप मिटवला, एवढंच.

त्या दिवशी मला कळलं की मी काय शिवतो. गाड्यांच्या सीटा शिवत होतो तेव्हा असं कधी कळलं नव्हतं. त्या उशीच्या कडांची दुसरी शिवण राहिली होती ती मी तिथेच हातानं घालून दिली आणि मुलगी ती घेऊन घरी गेली.

पुढे अण्णा थकले. गाळ्याचा अर्धा भाग आणि मोठं मशीन मला देऊन ते मुलाकडे गेले. सीटकव्हर मी हळूहळू सोडलं. नाशिकहून, नागपूरहून आईवडिलांचे फोन यायला लागले. बँकेत चालू खातं काढायचं तर धंद्याला नाव हवं. माझी मुलगी राणी कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती, ती म्हणाली, ब्लॉग काढू. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची वही, कुणीही उघडून वाचावी अशी. उशी कशी वापरायची, कशी पुसायची, कुणाला विचारल्याशिवाय वापरू नये, हे सगळं तिथे लिहायचं. त्यालाही नाव हवं.

मेधाताई म्हणाल्या, नाव विचार करून ठेवा. आजाराचं नको, बरं करण्याचंही नको, कारण आपण ते कबूल करू शकत नाही. अर्थ असलेलं हवं, पण तो अर्थ खरा हवा. मग राणीनं आणि मी याद्या केल्या. उमेद, झेप, पंख, स्पर्श. आधारही होतं, पण मेधाताई म्हणाल्या ते सरकारनं कार्डाला दिलंय. यादी घेऊन बसलो होतो तेव्हा आजोबा आले, त्यांनी चष्मा वर करून ती वाचली.

"तुम्ही विकता काय?"

"वजन."

"आणि नाव ठेवताय पंख." यादी खाली ठेवून ते निघून गेले.

त्याच सुमारास मेधाताई लेकीच्या बाळंतपणाला तीन महिन्यांसाठी अमेरिकेला गेल्या. जाताना म्हणाल्या, मी आल्यावर ठरवू, घाई नाही. आणि त्या गेल्यावर आठवड्याच्या आत मला नाव सुचलं.

आमच्या तालुक्याच्या गावात बाजाराच्या रस्त्यानं चाला. प्रत्येक दुकानावर लेकराचं नाव. संगीता कापड दुकान, राजू सायकल, पिंकी भांडी भांडार. दुकानाला ज्याचं नाव दिलं त्याचा तो मान, त्याहून मोठा मान आमच्याकडे नाही. बायको म्हणाली, मग राणीचं द्या. मी म्हटलं, राणीनं मला हे काम दाखवलं नाही, त्या मुलीनं दाखवलं. राणी हसली. म्हणाली, "बाबा, मला राग येत नाहीये, पण मी हे लक्षात ठेवीन."

तर मी त्या मुलीचं नाव दिलं. तिचं नाव आणि पुढे 'थेरपी साहित्य'. रविवार पेठेतून निळ्या दोऱ्यानं विणलेली छोटी लेबलं करून आणली आणि प्रत्येक उशीच्या कोपऱ्यात शिवायला लागलो. ब्लॉगवर पहिलाच लेख, 'आमचं नाव असं का?' मी सांगितलं, राणीनं लिहिलं. कोथरूडची पाच वर्षांची मुलगी, टेबलाखाली, टकटक, आईचा लॅपटॉप, सगळं. लिहून झाल्यावर राणीनं वाचून दाखवलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, हे त्या आईंनी वाचलं तर किती बरं वाटेल त्यांना.

विचारायला हवं होतं, हे मनात आलं नाही का? इथेच माझी चूक आहे आणि ती नीट सांगायला हवी. मेधाताईंच्या केंद्रात नियम होता, मुलांची नावं बाहेर बोलायची नाहीत. भिंतीवर वेळापत्रक असायचं त्यातही फक्त पहिलं अक्षर. तो नियम मला वर्षानुवर्षं माहीत होता आणि मी तो पाळतही होतो. पण मला वाटायचं, बदनामी होऊ नये म्हणून तो आहे. मानासाठी नाव घेतलं तर तो लागत नाही. मानाला कोण कशाला परवानगी मागेल? लग्नात शाल घालताना आपण विचारतो का, घालू का म्हणून?

दोन महिन्यांनी त्या मुलीच्या आई गाळ्यात आल्या. हिंजवडीला नोकरी करणाऱ्या, नेहमी घाईत असणाऱ्या. त्या दिवशी घाई नव्हती. एका हातात ब्लॉगचं छापलेलं पान, दुसऱ्या हातात मुलीची उशी. जुनी पहिली उशी फाटली म्हणून मीच थोड्या दिवसांपूर्वी नवी करून दिली होती, कोपऱ्यात निळं लेबल लावून. तेव्हा घ्यायला मुलीचे बाबा आले होते आणि त्यांनी लेबल बघितलंही नव्हतं.

"काका, हे तुम्ही लिहिलंत?"

"लिहिलं मुलीनं. सांगितलं मी."

"चांगलं लिहिलंय," त्या म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, ताई, तिचा मान म्हणून ठेवलं.

"तुमच्याकडे मान असेल. आमच्या सोसायटीत त्याला चर्चा म्हणतात."

मग त्यांनी सांगितलं. मुलीला मोठ्या मुश्किलीनं शाळा मिळाली होती. थेरपीबद्दल त्या शाळेला सांगणारच होत्या, पण आधी वर्गशिक्षिकेला मुलगी ओळखीची होऊ दे, मग आपल्या शब्दांत सांगायचं, असं नवरा-बायकोनं ठरवलं होतं. सोसायटीतल्या कुणीतरी ब्लॉग वाचला, नाव, वय आणि कोथरूड जुळवलं, आणि ते शाळेपर्यंत पोचवलं. शाळेनं बोलावून विचारलं, तुम्ही हे लपवलंत का?

"लपवलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "राखून ठेवलं होतं. ते आमचं होतं सांगायचं."

त्यांनी उशी मशीनवर ठेवली. म्हणाल्या, हे काढा.

मी अर्ध्या ब्लेडनं टाके कापले. इथे कामातली एक गोष्ट सांगायला हवी. कापडावरचं लेबल उसवलं तर नखानं घासून, पाणी लावून भोकं बुजवता येतात, सूत सूत जवळ येतं. रेक्झिनचं तसं नाही. रेक्झिनमध्ये सुई एकदा गेली की भोक कायमचं. आमच्या उशा पुसता याव्यात म्हणून रेक्झिनच्याच असतात. लेबल निघालं आणि खाली भोकांची चौकट तशीच राहिली.

त्या बघत होत्या. "हे जाणार नाही का?"

"नाही ताई. रेक्झिन आहे."

मी पांढऱ्या सुती फितीचा तुकडा कापला आणि त्या भोकांवर शिवून दिला. कोरा. त्यांनी त्याच्यावरून बोट फिरवलं, उशी उचलली आणि गेल्या. पुढे कळलं, त्यांनी मुलीला मेधाताईंच्या केंद्रातूनही काढलं. मेधाताईंनी काही केलं नव्हतं, त्या तर देशातही नव्हत्या. पण विश्वास एका माणसावरचा उडाला की सबंध जागेवरचा उडतो. ज्या मुलीनं मला काम दिलं तिची थेरपी माझ्यामुळे बंद झाली, हे मी आजही उतारा नसलेल्या विषासारखं अंगात घेऊन फिरतो.

राणीनं त्याच दिवशी तो लेख काढून टाकला. पण तो कुणीतरी उतरवून घेतला होता, दुसऱ्या एका पानावर दिसत होता. तो काढायला तिला महिना लागला. मला म्हणाली, "बाबा, इथलं पण रेक्झिनच आहे."

मेधाताई परत आल्या. मला वाटलं काम बंद करतील. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "लेबल लावलेल्या किती उशा बाहेर आहेत?" तीसेक होत्या. "मग जा. प्रत्येक घरी. पोस्टानं लेबल काढा म्हणून पत्र पाठवायचं नाही. स्वतः जायचं आणि का काढताय ते सांगायचं. नाव न घेता."

मी गेलो. पुण्यातल्या घरी सायकलनं आणि बसनं, बाहेरगावचा माल मागवून घेतला. कधी कुणाच्या घरी सोफ्यावर बसलो नव्हतो, तो प्रत्येक घरी बसून उसवत होतो. सोबत अर्धं ब्लेड, फितीचं रीळ, हातसुई. एवढं उसवण्याचं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. लोक चहा द्यायचे. का काढताय विचारायचे. मी सांगायचो, एका लेकराचं नाव न विचारता लावलं होतं. बहुतेक जण मग हळूच विचारायचे, आमच्या मुलाबद्दल कुठे काही लिहिलं नाहीत ना?

येरवड्याला एक रिक्षावाले होते. त्यांचा मुलगा उशीला 'म्हैस' म्हणायचा, कारण ती अंगावर बसली की हलत नाही. मी कोरी फीत शिवली तशी त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि तिच्यावर लिहिलं, म्हैस. मुलानं ते बघितलं आणि उशीला थोपटलं. कात्रजला एका मुलीनं फितीवर साप काढला, तिथल्या सर्पोद्यानात दर रविवारी जायची. एका घरी आजीनं लिहिलं, 'गरम पाण्यात घालू नये', आणि मला दम दिला की हे तुम्हीच लिहायला हवं होतं. आजोबांकडे गेलो तर त्यांच्या उशीवरचं लेबल त्यांनी आधीच काढलं होतं, नेलकटरनं.

"मुलांची नावं पाटीवर लावणं मला शाळेतही आवडायचं नाही," ते म्हणाले. "गुणवत्ता यादीतल्यांची लावायचो, नाइलाज होता. उरलेल्यांनी ती पाटी रोज बघितली."

मग बरेच दिवस धंदा बिननावाचा चालला. खात्यावर माझंच नाव, शालिक अमुक अमुक. ब्लॉग बंद. नवीन उशा करायचो त्यांनाही मी सवयीनं कोपऱ्यात कोरी फीत शिवायला लागलो, लोक तसं मागायचेच. नाव सुचव म्हणून राणी मागे लागायची. मी म्हणायचो, नको, मला नाव ठेवता येत नाही.

वर्ष-दीड वर्ष गेलं. एका शनिवारी सकाळी गाळ्यासमोर गाडी थांबली. मला जुन्या सवयीनं वाटलं, सीटकव्हर. उतरल्या त्या मुलीच्या आई, आणि मागून मुलगी. उंच झाली होती, केस कापलेले, उशी छातीशी धरलेली. मी उठून उभा राहिलो आणि उभाच राहिलो.

आईंनी सगळं आपणहून, थोडक्यात सांगितलं. ती शाळा सोडावी लागली. नवी शाळा लांब आहे, पण बरी आहे, तिथे पहिल्याच दिवशी सगळं स्वतः सांगितलं. उशी वर्गात चालते. मेधाताईंकडे परत जायचं का, याचा विचार चालू आहे. हे सांगताना त्या माझ्याकडे न बघता मशीनकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "उशीला काही झालेलं नाही. ती फीत तेवढी बदलून हवी होती."

मुलीनं उशी पुढे केली, पण हातातून सोडली नाही. कोपऱ्यातली पांढरी फीत मध्यभागी झिजून जाळीसारखी झाली होती. दिवसभर ती त्याच्यावर अंगठा फिरवते, आई म्हणाल्या. वर्गातही. काही लिहू या म्हटलं होतं तिच्या बाबांनी, नाव, फोन नंबर, हरवली तर म्हणून. हिनं लिहू दिलं नाही.

मी रीळ काढलं. मुलगी जवळ येऊन उभी राहिली. मी फीत कापली तशी तिनं ती माझ्या हातातून घेतली, उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली, उजेडाकडे धरली. आणि मग बोलली. मी तिचा आवाज आधी कधी ऐकला नव्हता.

"कोरी आहे?"

"कोरी आहे," मी म्हटलं.

तिनं ती परत दिली. मी जुनी फीत उसवली, त्याच भोकांतून, हातानं, नवी शिवली. मशीन लावलं नाही, नवीन भोकं पडली असती. शिवता शिवता मला जे सुचलं ते गिळून टाकणार होतो. पण मेधाताईंनी घरोघर पाठवलेला माणूस होतो, विचारायची थोडी सवय झाली होती.

म्हटलं, ताई, एक विचारू? धंद्याला अजून नाव नाही. ब्लॉगही परत सुरू करायचा आहे. 'कोरी फीत' ठेवलं तर चालेल का? तिच्यात कुणाचं नाव नाही. पण ती फीत तुमच्या उशीवर पहिल्यांदा लागली, म्हणून विचारतो. नको म्हणालात तर नाही ठेवणार.

त्यांनी मुलीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मला काय विचारता? मालकीण ती आहे."

मी खाली फरशीवर बसलो, म्हणजे माझे डोळे तिच्या डोळ्यांच्या खाली आले. पुन्हा तेच विचारलं, सावकाश. ती अंगठा नव्या फितीवर घासत होती. नवी फीत कडक असते, तिला ती आवडली नसावी, कपाळावर आठी होती. मी वाट बघत होतो. बाहेर कुणीतरी सीटकव्हरचं काम होतं का म्हणून विचारून गेलं, आई त्याला नाही म्हणाल्या. शेवटी मुलीनं मान हलवली. वरून खाली, एकदाच, पण पुरी.

आज बिलावर कोरी फीत लिहिलेलं असतं, ब्लॉगवर असतं, बँकेच्या पुस्तकात असतं. मालावर काहीच नसतं. हा लेखही मी आधी त्या आईंना वाचून दाखवला. दोन वाक्यं त्यांनी काढायला सांगितली, ती काढली. मुलगी आता मोठी आहे, तिनं स्वतंत्र वाचला आणि एका ठिकाणी रंग चुकला होता तो सुधारला.

त्या शनिवारी त्या निघाल्या तेव्हा झिजलेली जुनी फीत मशीनवर पडून होती. मला ती ठेवून घ्यावीशी वाटली, ड्रॉवरमध्ये, आठवण म्हणून. मुलीला विचारलं, ही मी ठेवू का?

"नाही," ती म्हणाली. फीत उचलली, खिशात घातली आणि गाडीत जाऊन बसली.